डाव्या बाजूची साखळी

गॅरेजात आलं की आर्विद आधी दिवा लावी, मग कॉफी ठेवी, आणि कप हातात आला की ट्रकच्या तोंडाशी उकिडवा बसून बर्फ ढकलायच्या फाळाच्या पोटाखालून हात फिरवी. घरात बायकोशी वाजलेलं असो, अंगात ताप असो, की वारा दारं उपटायला बघत असो, हा क्रम काही मोडला नव्हता. बर्फ ढकलणारी माणसं ट्रकवर भरवसा टाकत नाहीत, फाळावर टाकतात. ट्रक बिघडला तर बंद पडतो आणि मोकळा होतो. फाळ मात्र चालता चालता दगा देतो.

उत्तर टोकाच्या काल्विक गावाहून बाहेर जायला रस्ता एकच, गामफेलच्या घाटातून. नोव्हेंबरात सूर्य गेला की जानेवारी सरेपर्यंत तोंड दाखवत नाही. भरदुपारी तासभर निळसर उजेड येतो, तोही आला न आल्यासारखा. वादळ असलं की घाटाचं फाटक बंद होतं आणि मग गाड्यांना एकेकटं जाता येत नाही. सगळ्यांनी फाटकाशी जमायचं, पुढे आर्विदचा ट्रक, मागे ओळीने गाड्या, आणि सगळ्यांच्या शेवटी पिवळा दिवा लावलेली शेपूटगाडी. त्या ताफ्यात एकच नियम कडक होता. काहीही होवो, गाडीतून उतरायचं नाही.

या हिवाळ्यात फाळ बदललेला होता. जुन्याच्या पाठीला तडा गेला, तेव्हा दक्षिणेकडच्या कुणा ब्योर्नार नावाच्या ठेकेदाराने धंदा गुंडाळला म्हणून त्याच्याकडचा हा आणला. रंग ताजा, खालची पोलादी पट्टी जाड, स्प्रिंगा कडक, आणि मिळाला जवळजवळ फुकटात. गॅरेजातला मेकॅनिक नीलास सामी होता, त्याच्या बापजाद्यांनी रेनडियर पाळले होते. तो फाळाभोवती एक फेरी मारून म्हणाला, "धडधाकट जनावर कुणी विकायला काढत नाही रे."

"तुझा आपला सदा अपशकुन," आर्विद म्हणाला.

आठवडाभरातच ते डाव्या साखळीचं सुरू झालं. फाळ मधल्या एका जाड खिळीवर तोललेला असतो आणि दोन्ही टोकांना एकेक साखळी असते. आकड्यात साखळीची कुठली कडी अडकवायची, त्यावर ते टोक किती खाली उतरणार हे ठरतं. आर्विद दोन्ही टोकं अशी लावी की पट्टी आणि रस्ता यांच्यामध्ये काडेपेटी आडवी जेमतेम सरकावी. आणि सकाळी बघावं तर उजवं टोक जागच्या जागी, डावं वीतभर वर. साखळी दोन कड्यांनी आखडून आकड्यात नीट अडकवलेली.

"साखळीला हात का लावतोस?" त्याने नीलासला विचारलं.

"मी? मला वाटलं तूच लावतोस. म्हटलं, म्हातारपणी डोळे तिरळे झाले बिचाऱ्याचे."

"थट्टा पुरे."

"मी थट्टा करत नाहीये," नीलास म्हणाला, आणि खरंच करत नव्हता.

आर्विदने साखळी उतरवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याने गॅरेजला कुलूप घालून किल्ली खिशात ठेवून पाहिली, तरी तेच. पुढे पुढे तर फाटकाशी ट्रक उभा करून तो कॉफी प्यायला टपरीत जाऊन यायचा, तेवढ्यातही साखळी आखडलेली असायची. कधी कडीला हात लावला तर ती कोमट लागे. बाहेर अंग गोठवणारी थंडी आणि कडी कोमट, जशी कुणीतरी नुकतीच मुठीतून सोडावी. एकदा त्याला वासही आला. ओल्या लोकरीचा, घामाचा. दिवसभर ओझं उपसलेल्या माणसाच्या अंगाला येतो तसा.

एवढ्यावरच असतं तर आर्विदने रोज साखळी उतरवली असती आणि तोंड मिटून राहिला असता. पण या वर्षी शेपूटगाडी सिन्ने चालवत होती.

सिन्ने त्याची मुलगी, एकुलती एक. तिकडे शहरात शिकायला गेली, दोन वर्षांत परत आली आणि म्हणाली, मला माणसांच्या जंगलात करमत नाही, मी तुझ्यामागे गाडी चालवते. आर्विदला मनातून आभाळ ठेंगणं झालं. तिची आई टोने मात्र चुलीपाशी पाठ करून उभी राहिली. कॉड मासा उकळत होता, झाकण खडखडत होतं. ती म्हणाली, "घेऊन जा. बापलेकीपुढे माझं कधी चाललंय? पण तिच्याशिवाय घरी येऊ नकोस, सांगून ठेवते. ती नसेल तर तूही नको."

तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे फाळाचं डावं टोक वर राहिलं की रस्त्याच्या मधोमध बर्फाचा एक पट्टा तसाच राहून जाई. पुढच्या गाड्या तो दाबत, घासत, आणि शेवटच्या गाडीच्या वाट्याला त्याची काच होऊन येई. शेवटची गाडी सिन्नेची. नाताळच्या आधी एकदा त्या पट्ट्यावर तिची गाडी गरकन फिरली आणि मागची दोन चाकं कड्याच्या बाहेर लोंबकळत राहिली. तिने वायरलेसवर हसत सांगितलं, "बाबा, जरा थांब हं, मी देखावा बघतेय." आर्विदला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने ब्योर्नारला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. मग आर्विद म्हणाला, "फाळ चांगला आहे हो. फक्त एका बाजूची साखळी…"

"डावी," ब्योर्नार म्हणाला.

आर्विदने फोन कानाशी घट्ट धरला.

"आपोआप आखडते, असंच ना?" पलीकडचा आवाज खाली गेला. "आखडू द्या. दोन कड्यांनी तुमचं काय जातंय? साखळीवर भार राहिला की त्याला तेवढाच आराम."

"कुणाला?"

"आमच्या इथे एकाची गाडी बंद पडली होती. उतरला आणि चालत निघाला… आमच्या ड्रायव्हरला कळलंच नाही. नुसता एक हिसका बसला म्हणाला. पट्टी दगडावर घासली की बसतो ना, तसा." मग तो घाईने म्हणाला, "सैल सोडू नका. ऐका माझं." आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलला गेला नाही.

आर्विदने ही गोष्ट नीलासला सांगितली, पण अशा सुरात, की बघ, लोक माल खपवून वर काय भाकडकथा ऐकवतात. नीलासने हातातला पाना खाली ठेवला.

"मग राहू दे ना वर."

"आणि सिन्ने घसरली तर?"

नीलासने पाना परत उचलला.

"वेल्डिंग कर," आर्विद म्हणाला. "कडी आणि आकडा एकजीव करून टाक. भूत असो की भुताचा बाप, मला रस्ता काळाभोर हवाय. माझी पोर मागे आहे."

नीलासने वेल्डिंग केलं. मन लावून केलं, कारण वाईट काम त्याला जमतच नसे. डावं टोक पार खाली उतरेल अशा कडीवर साखळी पक्की झाली. ठिणग्या विझल्या, आणि त्याच वेळी फाळाच्या बाजूने एक लांब उसासा आल्यासारखा वाटला. तापलेलं लोखंड निवताना आवाज करतंच. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

पुढचे काही दिवस सगळं छान चाललं. रस्ता असा साफ निघे की सिन्ने वायरलेसवर म्हणाली, "बाबा, आज तर अनवाणी चालता येईल." आर्विद खूश होता. फक्त चढावर ट्रक डावीकडे किंचित ओढ घेई, आणि इंजिनाच्या घरघरीखाली कुणीतरी कण्हतंय असं वाटे. त्याने स्प्रिंगांना ग्रीस भरलं, खिळीला भरलं, तेलाच्या नळ्या तपासल्या. कण्हणं थांबलं नाही. मग तो रेडिओ मोठा लावू लागला.

आणि मग तो दिवस आला.

दुपारी एकच्या ताफ्याला वादळ ऐन भरात होतं. आर्विद नेहमीप्रमाणे एकेका गाडीच्या काचेवर टकटक करत गेला. कोट अंगात घाला, टाकीत तेल आहे ना, पुढच्याचे दिवे नजरेआड होऊ देऊ नका, आणि उतरायचं नाही, जीव गेला तरी उतरायचं नाही. त्याच्या लगेच मागे रोआर होता, मासळीचा लॉरीवाला, मोठ्या तोंडाचा माणूस. "निघ रे बाबा, माझे मासे म्हातारे होतायत," तो ओरडला. सगळ्यात शेवटी सिन्ने. तिने काच खाली केली आणि थर्मासमधली कॉफी पुढे केली. आर्विदने एक घोट घेतला. तिच्या टोपीखालून आलेली बट त्याने हातमोज्याच्या बोटाने आत सारली. ती म्हणाली, "मी काय लहान आहे?" तो म्हणाला, "नाहीस. म्हणून तर भीती वाटते."

माथ्यावर पोचेपर्यंत सगळं ठीक होतं. तिथे मात्र वाऱ्याने दिशा बदलली आणि समोरची काच पांढरी झाली. बर्फ पडत नव्हता, सरळ आडवा धावत होता. रस्त्याची कड कळावी म्हणून रोवलेल्या काठ्या दिसेनात. तेवढ्यात वायरलेसवर सिन्नेचा आवाज आला, "बाबा, मधली एक गाडी थांबली… थांब… मी बघ…" आणि पुढे नुसती खरखर.

आर्विदने ट्रक थांबवला. थांबलं की फाळ वर उचलून धरायचा, नाहीतर पट्टी रस्त्याला चिकटून गोठते. त्याने फाळ उचलला आणि वायरलेसच्या मागे लागला. सिन्ने… सिन्ने, ऐकतेस का… खरखर. खिडकीला वारा थपडा मारत होता. मध्येच उजव्या दारावर धप धप झाल्यासारखं वाटलं. त्याने कान दिला. वाराच असणार. वाऱ्याला गामफेलवर मुठी असतात, हे तिथलं पोर पोर जाणतं.

वायरलेस बंद पडला तर काल्विकच्या लोकांची जुनी रीत होती. शेपूटगाडीने दिवे दोनदा मिचकावायचे. तिच्या पुढच्याने ते पाहून आपले मिचकावायचे, आणि अशी खूण गाडीगाडीने ट्रकपर्यंत पोचवायची. खूण आली म्हणजे सगळे जागेवर आहेत, निघा. मधल्या कुणी आपल्या मनाने ती द्यायची नाही, आणि आजवर कुणी दिलीही नव्हती. बऱ्याच वेळाने आर्विदच्या आरशात रोआरचे दिवे दोनदा लुकलुकले.

रोआरला मागून कुणाचीही खूण आली नव्हती. त्याला घाई होती.

आर्विदने सुटकेचा श्वास टाकला. सिन्ने गाडीत बसली, म्हणजे निघायला हरकत नाही. त्याने फाळ खाली करायचा दांडा ओढला. उजवं टोक धाडकन रस्त्यावर बसलं. डावं बसलं नाही.

ते तसंच हवेत राहिलं, दिव्यांच्या झोतात, कमरेएवढ्या उंचीवर. आर्विदने पुन्हा दांडा ओढला. नळ्यांत तेल खळखळलं. डावं टोक थरथरलं, हातभर खाली आलं, आणि हळूहळू परत वर गेलं. आता मात्र त्याचं डोकं फिरलं. एवढं वेल्डिंग केलं तरी याचे चाळे चालूच! मागे माझी पोर या वादळात बसलीय, आणि हा… त्याने दात ओठ खाऊन दांडा ओढून धरला, पूर्ण जोर लावून. ट्रकचं नाक वर उचललं गेलं. खालून तेच कण्हणं आलं, या वेळी रेडिओच्याही वरून, स्पष्ट, माणसाचं. पण टोक खाली आलं नाही.

आर्विदने दांडा सोडला, टॉर्च घेतला, आणि ज्या नियमासाठी तो सगळ्यांना शपथा घालायचा तो स्वतःच मोडून खाली उतरला.

ट्रकला चिकटून, हाताने चाचपत तो पुढे आला. आधी त्याने वेल्डिंगवर उजेड टाकला. कडी आणि आकडा जसेच्या तसे एकजीव होते. साखळी मात्र ढिली लोंबत होती. साखळीने टोक धरलेलं नव्हतं. कशानेच धरलेलं नव्हतं. एवढं टनभर लोखंड वाऱ्यात नुसतं उभं होतं, आणि थरथरत होतं.

मग त्याने टॉर्च खाली केला आणि फाळाखाली त्याला पिवळं जाकीट दिसलं.

तो गुडघ्यांवर पडला, जाकिटाची कॉलर धरली आणि ओढली. सिन्ने बाहेर आली. तिचे बूट बाहेर निघाले न निघाले तोच डावं टोक कोसळलं. रस्ता हादरला, ट्रक हादरला, आणि पट्टीने डांबरात बोटभर खाच पाडली.

तिला छातीशी धरून त्याने केबिनमध्ये कसं चढवलं, ते त्याला नंतर आठवलं नाही. हीटर पूर्ण सोडला. तिचे हातमोजे काढले, बोटं तोंडात धरून ऊब दिली. तो रडत होता आणि शिव्या देत होता, दोन्ही एकदम. "कशाला उतरलीस? सांगितलं होतं ना? कशाला उतरलीस गं?"

"वायरलेस गेला," ती दातांवर दात आपटत म्हणाली. "मधल्या गाडीचं इंजिन बंद पडलं होतं. तुला निघू नकोस म्हणून सांगायला आले, गाड्या धरत धरत. तुझ्या दारावर मारलं, तुला ऐकू गेलं नाही. म्हटलं, पुढे जाऊन दिव्यात उभी राहते, म्हणजे दिसेन… वाऱ्याने पाडलं."

मोडलं काही नव्हतं. गालावर खरचटलं होतं, तेवढंच. आर्विदने डोळे मिटले. टोनेचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि त्याला वाटलं की आज आपल्याला सगळं काही परत मिळालं.

"बाबा," सिन्ने म्हणाली, "तो माणूस कुठे गेला?"

"कोण माणूस?"

"खाली होता तो. आधीपासून पडलेला होता तिथे. मला म्हणाला, सरक थोडी…"

आर्विदने हीटरची कळ उगाच पुन्हा फिरवली.

"मग गुडघ्यावर उठला, आणि खांदा लावला. तू दाबत होतास ना बाबा, तेव्हा ओरडला नाही तो. नुसता कण्हत होता. तिसऱ्यांदा फार जोरात दाबलंस तू."

आर्विदने किती वेळा दाबलं, ते त्याने तिला सांगितलं नव्हतं.

"मला म्हणाला, पूर्वी साखळीवर जरा टेकता यायचं, आता तेही नाही. फार दमलो. आता तू धर…" ती त्याच्याकडे बघत नव्हती. समोरच्या पांढऱ्या काचेकडे बघत होती. "मी हो म्हटलं, बाबा. तेव्हा दुसरं काय म्हणणार?"

"भ्रम होतो थंडीने," आर्विद म्हणाला. "सगळ्यांना होतो. झोप जरा."

मागे रोआर भोंगा वाजवू लागला होता. सिन्नेने शेपूटगाडी सोडलेली, एक गाडी बंद, आणि बाकीच्यांत लहान मुलं होती. बंद गाडी कडेला ढकलून, तिच्यातल्या माणसांना मागच्या गाडीत बसवून आर्विद परत आला तोवर समोर बर्फाचा ढीग ट्रकच्या दिव्यांपर्यंत चढला होता. वळायला जागा नव्हती. मागे रस्ता बुजला होता. उतारावर उतरायचं तर पुढचा सगळा घाट फाळ टेकवूनच उतरायला हवा होता, दुसरा मार्गच नव्हता. थांबलं तर सकाळपर्यंत कुणीच उरलं नसतं. सिन्नेही नाही.

त्याने दांड्यावर हात ठेवला.

हळूहळू, जपून, त्याने फाळ खाली सोडला. उजवं टोक टेकलं. डावं टेकू लागलं, आणि शेजारच्या सीटवर सिन्नेचा डावा खांदा खाली गेला. ती पुढे वाकली, अगदी डॅशबोर्डपर्यंत, जसं पाठीवर कुणी पोतं टाकावं. तिच्या घशातून तोच आवाज निघाला, जो तो इतके दिवस ग्रीस भरून थांबवायला बघत होता.

आर्विदने घाबरून फाळ वर घेतला. ती सरळ झाली. घामाने तिचा चेहरा भिजला होता, आणि केबिनमध्ये ओल्या लोकरीचा वास भरला होता.

"सिन्ने… सिन्ने, मला नाही जमणार हे…"

तिने कपाळावरचा घाम पुसला. दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवले, पाय फाकवून घट्ट टेकले आणि मान खाली घातली, ओझं उचलणारी माणसं घालतात तशी.

"चल बाबा," ती म्हणाली. "मागे लहान मुलं आहेत. हळू सोड… मी धरलंय."